सल्लागाराचा नम्र अर्ज

विषय आधी लिहायचा, ही माझी धंद्याची सवय. तेव्हा विषय : एका कंपनीने एका वजनदार माणसाला दरमहा कशाबद्दल पैसे दिले, याविषयी मला काय ठाऊक आहे ते सांगणेबाबत. संदर्भ : संपादकांचा फोन. ते म्हणाले, "आक्का, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. फक्त अर्जासारखं लिहू नका." जिची सगळी हयात अर्ज लिहिण्यात गेली तिला असं सांगणं सोपं आहे. जमेल तसं लिहिते. मध्येच 'सदर' किंवा 'उपरोक्त' आलं तर सांभाळून घ्या.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या दारासमोर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल होतं. गावाचं नाव सांगत नाही. कळंबच्यांना ते कळंब वाटेल, भूमच्यांना भूम, वाटू द्या. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. ज्याला सरकारकडे काही मागायचं आहे पण मागावं कसं ते कळत नाही, असा माणूस माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसायचा. तो तासभर बोलायचा आणि मी त्यातली दीड पानं उचलायची. उरलेला अर्धा तास त्याचा भाऊ, भावजय आणि बांधावरची बाभळ यांना शिव्या असत. त्या मी ऐकून घेत असे. त्याचे पैसे लावत नसे.

ही विद्या माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते निजामाच्या राजवटीत उर्दूत अर्ज लिहायला शिकले, आणि राजवट गेल्यावर मराठीत लिहायला लागले, तरी शेवटपर्यंत स्वतःला अर्जनवीसच म्हणवून घेत. अर्जात रडायचं नाही, कारण कारकुनाला घरी रडणारी माणसं असतात, असं ते सांगत. एका अर्जात एकच मागणी करायची. आणि कागद आत दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर तुम्ही कचेरीत आलाच नव्हता, असं कचेरी शपथेवर सांगू शकते.

दादांचा खरा हातखंडा शेवटच्या ओळीत होता. 'मेहेरबान साहेब' अशी सुरुवात करायची, मागणी मांडायची आणि शेवटी लिहायचं : 'जास्त काय लिहावे, आपण जाणता.' खाली 'आपला नम्र अर्जदार'. या ओळीत आदर आहे, विनंती आहे आणि बारीकसा दमही आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, आता माहीत नसल्याचं सोंग करू नका, असा त्याचा अर्थ. आजूबाजूची टेबलं नव्या पद्धतीनं 'कळावे' लिहीत. मी दादांची ओळ सोडली नाही. बोटांना इतकी सवय झाली होती की एकदा भाचीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेखालीही ती टाइप झाली. व्याह्यांनी हुंड्याबद्दल टोमणा मारलाय असं समजून दोन दिवस अबोला धरला.

गिऱ्हाईक म्हणाल तर नाना तऱ्हेचं. एसटीतले एक कंडक्टर होते, त्यांना बदली हवी होती. दोन अर्ज करून झाले होते. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता थेट तुळजापूरलाच लिवा." मी विचारलं, तुळजापूरला कुणाला? तर म्हणाले, "आईला." त्यांनी माझ्याकडून तुळजाभवानीच्या नावानं अर्ज टाइप करून घेतला, विषय : बदली मिळणेबाबत. वर सांगितलं की खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून त्यांच्या वरिष्ठांचं नाव घाला. म्हणजे देवीकडं अर्ज केलाय हे साहेबांना कळायला हवं. बदली झाली. कुठल्या प्रतीवर झाली ते मी आजतागायत सांगू शकत नाही.

आता अण्णांकडे वळते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यामुळं.

दिगंबरअण्णा हे साहेबांचे माणूस. साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी; कोणते, ते इथं महत्त्वाचं नाही. अण्णा एकदा ग्रामपंचायतीला उभे राहून पडले होते, त्यानंतर त्यांनी निवडणुकीचा नाद सोडला. पद नाही, पाटी नाही. पांढरे कपडे आणि दोन फोन. कचेरीच्या आवारात यायचे, फोन कानाला लावून चिंचेखाली जायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "बगा जरा." कुणाशी बोलले, काय बघायचं, काही नाही. बस्स, "बगा जरा." आणि जे काम माझ्या दीड पानाच्या अर्जाला चार महिने लागलं असतं ते चार दिवसांत व्हायचं. मला त्यांचा राग यायचा तो नीतीमुळं यायचा की धंद्यातल्या मत्सरामुळं, हे मी स्वतःला कधी नीट विचारलं नाही.

आमच्याकडच्या माळावर पवनचक्क्या आल्या तेव्हा अण्णांचे दिवस पालटले. एका कंपनीनं त्यांना सल्लागार नेमलं. दरमहा मानधन ठरलं. गावात लोक एकमेकांना विचारायचे की अण्णा वाऱ्याला काय सल्ला देत असतील.

त्याच सुमारास माझ्या टेबलावर एक हरकत अर्ज लिहिला गेला. डोंगरावरच्या एका वाडीची मंडळी आली होती, सगळी मेंढरंवाली. त्यांच्या गायरानात कंपनी तारेचं कुंपण घालून वीजकेंद्र बांधणार होती. त्या जागेतून पलीकडच्या पाझर तलावाकडं मेंढरांची वाट जायची. अर्जाखाली पहिला अंगठा सरूबाईंचा. सत्तरीची बाई, हातात काठी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की स्टुलावर बसून बोलली तरी आतला कारकून मान वर करायचा. मी मन लावून अर्ज लिहिला, पोच घेऊन त्यांच्या हातात दिली.

दोन आठवड्यांनी अण्णा वाडीच्या सरपंचांना घेऊन आले. सरपंच माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती हरकत मागं घ्यायचीय. गैरसमजातून झाल्ती." अण्णा शेडच्या खांबाला टेकून फोनवर बोलत होते. काय बोलत होते ते तुम्ही ओळखलं असेल.

मी तो कागदही टाइप केला. काय लिहायचं ते गिऱ्हाईक ठरवतं, हेही दादांनीच शिकवलं होतं, आणि त्या दिवशी ते मला फार सोयीचं वाटलं. महिन्याभरात कुंपण उभं राहिलं आणि सरूबाईंची मेंढरं पाण्यासाठी अख्खा डोंगर वळसा घालून जायला लागली.

पुढं पावसाळा सुरू झाल्यावर अण्णा एकटेच माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले. स्टुलावर बसलेले अण्णा मी पहिल्यांदा पाहत होते. तिथं मागणारी माणसं बसतात.

"आक्का, सल्ला टाईप करून पायजे."

"कसला सल्ला?"

"त्येच तर. पुण्याच्या हापिसात नवीन साहेब आलाय. म्हनतो, सल्लागार दर महिन्याला काय सल्ला देतो ते कागदावर दावा, मगच पैसं. एक पान बास झालं."

"तुम्ही कंपनीला काय सांगता ते सांगा, मी लिहिते."

अण्णांनी दोन्ही फोन खिशात घातले. मग म्हणाले, "सांगन्यासारखं काय न्हाय वो त्यात. तुमीच बगा जरा."

तर अशी मी वाऱ्याची सल्लागार झाले. पहिल्या महिन्याला लिहिलं की या भागात वारा पश्चिमेकडून येतो, आषाढात जोर धरतो, तरी कंपनीनं त्याची नोंद घ्यावी. पवनचक्कीवाल्यांना वाऱ्याची दिशा सांगायची म्हणजे कमाल झाली. पण अण्णा कागद वाचून खूश. "लई अभ्यास हाय तुमचा," म्हणाले. दुसऱ्या महिन्याला स्थानिक सणावारांची यादी घातली. तिसऱ्या महिन्याला माझं डोकं चालेना.

मग एक गोष्ट लक्षात आली. कंपनीबद्दलच्या तक्रारी घेऊन रोज दोन-चार माणसं माझ्याकडंच येत होती. एका गावचा ओढ्यावरचा लहान पूल कंपनीच्या लांबलचक गाड्यांनी खचला होता. दुसरीकडं शाळा भरायच्या वेळीच त्या गाड्या रस्ता अडवायच्या. हे अर्ज कचेरीत जात आणि कचेरी ते कंपनीच्या मॅनेजरकडं पाठवी आणि मॅनेजर ते कुठं ठेवी देव जाणे. मी तेच अर्ज उचलले, नावं काढली, 'मागणी' खोडून 'शिफारस' केलं आणि अण्णांच्या नावावर लावले.

आणि कामं व्हायला लागली! लोकांचा अर्ज म्हणून जो कागद कुणी उघडत नव्हतं, तोच सल्ला म्हणून गेल्यावर पुण्यात वाचला जात होता. शाळेच्या वेळात गाड्या थांबल्या. पूल दुरुस्त झाला. त्या गावानं अण्णांना बोलावून हार घातला, फेटा बांधला. दुसऱ्या दिवशी ते फेट्यासकट माझ्याकडं आले.

"आक्का, ह्यो पूल म्या कवा मागितला?"

"मागच्या महिन्यात."

"असं व्हय? बरं केलं म्या." फेटा सारखा करत हळूच म्हणाले, "पन लई खरं लिवू नका. कंपनीला वाटंल, मानूस आपला हाय का लोकांचा."

मला तेव्हा मजा वाटली, खोटं कशाला सांगू. आपण मोठ्या माणसाच्या खिशातून गरिबांची कामं काढतोय, अशी ऐट माझ्या अंगात शिरली होती. त्या पैशाला अंगभर कपडे माझ्याच मराठीनं चढवले, हे मी तेव्हा बाजूला ठेवलं. ज्या पानांवर अण्णांचा दर महिन्याचा हिशेब बिनबोभाट सुटत होता ती पानं माझी होती.

आठव्या महिन्याला मी सरूबाईंसाठी लिहिलं. कुंपणाच्या उत्तरेकडून दक्षिणेकडं जुनी वाट आहे, दोन्ही बाजूंना एकेक फाटक ठेवलं तर मेंढरं कडेकडेनं जातील, कंपनीचं काही अडणार नाही, तरी तशी शिफारस. पुण्याहून मंजुरी आली : सल्लागारांच्या शिफारशीनुसार फाटक बसवावे. मी स्वतः वाडीवर निरोप पाठवला. लोखंडी फाटकं येऊन कुंपणाशेजारी पडली.

आणि तिथंच पडून राहिली, कारण त्या आठवड्यात तक्रार झाली. साहेबांच्या विरोधातल्या मंडळींनी वरपर्यंत लिहिलं की सल्लागार वगैरे सगळं नाटक आहे, कंपनी या माणसाला पैसे देते ते परवानग्या लवकर सुटाव्यात आणि हरकती मिटाव्यात म्हणून. चौकशी लागली. कंपनीनं घाबरून सल्लागाराच्या शिफारशीची सगळी कामं जागच्या जागी थांबवली.

चौकशी अधिकारी म्हणून आले ते देशमाने साहेब. धाराशिवहून आले, गाडीतून उतरले आणि कचेरीत न जाता सरळ माझ्या शेडमध्ये शिरले.

"ओळखलंत का, आक्का?"

ओळखलं. बऱ्याच वर्षांपूर्वी हेच देशमाने याच कचेरीत टपालाच्या खिडकीत बसायचे आणि माझ्या अर्जांवर पोचेचे शिक्के मारायचे. त्यांनी फायलीतून कागदांचा गठ्ठा काढला, एकेक पान माझ्यापुढं ठेवलं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बोट टेकवलं.

जास्त काय लिहावे, आपण जाणता. जास्त काय लिहावे, आपण जाणता. जास्त काय लिहावे, आपण जाणता.

"ही ओळ मी हजार वेळा वाचलीय," ते म्हणाले. "सबंध जिल्ह्यात एकच टेबल ही लिहितं. बरं, ती एक सोडा. कंपनीचा सल्लागार कंपनीला 'मेहेरबान साहेब' म्हणतो? आणि सही कुठं करतो, तर 'आपला नम्र अर्जदार'च्या खाली?"

मी पाहिलं. सगळ्या पानांवर तसंच होतं. विषय बदलला, मागणीची शिफारस झाली, पण शेवटाला आल्यावर बोटांनी त्यांचंच खरं केलं. आणि अण्णांनी दर महिन्याला न वाचता त्याखाली झोकदार सही ठोकली होती. आम्हा दोघांच्या सवयीनं आमचा घात केला. देशमाने साहेब हसू दाबत होते.

"आठ दिवसांत लेखी जबाब द्या," उठताना ते म्हणाले. "खरं लिहा. आणि तुम्हीच लिहिणार, तेव्हा निदान वाचता येईल असा असेल."

त्याच दुपारी अण्णा आले. चेहरा उतरलेला. "साहेब फोन उचलंनात," म्हणाले. "आक्का, जबाबात येवडंच लिवा, अण्णा सांगत हुते, मी टायपत हुते. लई झालं. न्हायतर बगा, म्या गेलो की ते फाटकबी गेलं. माझ्या नावावर मंजूर हाय ते. म्या हाय तवर फाटक हाय."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला चीड आली. खरं लिहिलं तर शिफारस खोटी ठरणार आणि फाटक भंगारात जाणार. खोटं लिहिलं तर हरकत मिटवणाऱ्या माणसाचीच माझ्या हातानं सुटका. ते गेले.

दुसऱ्या दिवशी सरूबाई आल्या. पायरीवरच बसल्या, काठी आडवी ठेवून.

"आक्का, तुमी म्हनला फाटक हुनार."

"मंजुरीचा कागद आलाय, सरूबाई."

"कागदातनं मेंढरं जात न्हाईत. उन्हाळा तोंडावर आलाय. वळसा घालून घालून कोकरं बसाय लागली वाटंत. म्या आता किती दिस उचलून नेऊ?"

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, "तुमचा हरकतीचा अर्ज मी लिहिला, तसा तो मागं घ्यायचा कागदही मीच लिहिलाय."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "टायपाचं काम तुमच्याबिगर कोन करतंय?"

"मग माझ्याकडंच का येता?"

"मंग कुठं जाऊ? तुमच्या हातानं बसलेली गाठ हाय. तुमीच सोडा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. त्या गेल्यावर मी टेबल बंद करून घरी गेले.

सकाळी मात्र डोकं चालायला लागलं. अण्णांना निरोप धाडला आणि ते आल्यावर सांगितलं, "अण्णा, जबाबात मी खरंच लिहिणार. पण तुमच्या नावावर एक तरी खरं काम पाहिजे. सहा दिवस आहेत. फाटक बसवून घ्या, तुम्ही बसवलं असं मी लिहीन."

"कसं बसवू? कंपनीनं काम बंद केलंय. फोन कोनीच उचलंना."

"मग चालत जा."

फोनशिवाय काम कसं करतात हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. गेले बिचारे मोटारसायकलवर. संध्याकाळी परत आले ते धुळीनं माखून. "मॅनेजर म्हनतो, लेखी अर्ज द्या," असं पडेल आवाजात म्हणाले.

मी आयुष्यात इतक्या आनंदानं अर्ज लिहिलेला नाही. विषय : मंजूर फाटक बसवून मिळणेबाबत. एकच मागणी. रडणं नाही. खाली 'आपला नम्र अर्जदार, दिगंबर' वगैरे. "दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या," असं बजावलं, तर विचारतात, "पोच म्हंजी?" सारी कचेरी दोन शब्दांवर हलवणाऱ्या माणसाला पोच माहीत नव्हती.

त्यानंतर तीन दिवस अण्णा कंपनीच्या साइटवरच्या कचेरीबाहेर बसून होते. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब जेवायला गेलेत. उद्या या. रोज संध्याकाळी येऊन मला हे सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज थेट माझ्या गिऱ्हाइकांसारखा होत चालला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आक्का, बसाय साधी खुर्चीबी देत न्हाईत वो. पानी मागितलं तर म्हनले, टाकी तिकडं हाय." मी म्हटलं, "असंच असतं, अण्णा." त्यांनी मान हलवली. त्यांना ते नवीन होतं आणि त्याचं मला मनापासून बरं वाटलं. दया नंतर आली.

चौथ्या दिवशी मॅनेजर कंटाळला. मंजुरीचं पत्र होतं, फाटकं होती, दारात एक माणूस रोज बसत होता; त्यानं वेल्डर दिला, पण मजूर दिले नाहीत. मी सरूबाईंबरोबर वाडीवर गेले तेव्हा पांढऱ्या कपड्यातले अण्णा दोन्ही हातांनी खांब सरळ धरून उभे होते आणि वेल्डर त्यांना दरडावत होता, "हलू नगा वो!" दुपारपर्यंत दोन्ही फाटकं लागली. सरूबाईंनी तोंडानं एक आवाज केला आणि मेंढरं आत शिरली. पुढच्या दोन-तीन मेंढ्या थबकल्या, मग सगळा कळप अण्णांना दोन्ही बाजूंनी घासून पलीकडं गेला. सरूबाई शेवटी गेल्या. जाताना अण्णांना म्हणाल्या, "खांब बरा धरला हो, पाव्हनं." त्या त्यांना ओळखत नव्हत्या. हेच ते दिगंबरअण्णा, हे मी सांगितलं नाही आणि अण्णांनीही नाही.

सातव्या दिवशी मी जबाब दिला. त्यात लिहिलं की सदर अहवाल मी लिहिले आहेत, त्यातला सल्ला लोकांच्या अर्जांतून घेतलेला आहे. अण्णांनी मला दिलेला एकमेव सल्ला असा की 'लई खरं लिवू नका'. कंपनीने त्यांना पैसे कशाबद्दल दिले ते मला ठाऊक नाही. त्यांचं काम फोनवर चाले आणि फोन मी टाइप केलेले नाहीत. तथापि वाडीचा हरकत अर्ज आणि तो मागे घेतल्याचा कागद, दोन्ही माझ्याच टेबलावर लिहिले गेले. मधल्या दोन आठवड्यांत काय घडलं ते सरपंचांना विचारावं. उपरोक्त फाटक मात्र अण्णांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि शेवटी ती ओळ. या वेळी मुद्दाम.

देशमाने साहेबांनी जबाब वाचला, दुसऱ्या प्रतीवर स्वतःच्या हातानं पोचेचा शिक्का मारला आणि म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी मारला."

आता तुम्ही विचाराल, पुढं काय झालं. अण्णांचं मानधन बंद झालं. सरपंचांना सारखा विसर पडत राहिला. फाईल वर गेली, ती अजून वरच आहे. कुणाला शिक्षा झाली नाही. फाटक बसलेलं होतं. बसलेलं काढायला पुन्हा मंजुरी लागते, म्हणून ते राहिलं. पण कुंपणही राहिलंच. गायरान वाडीला परत मिळालं नाही, आणि ते जाण्याच्या कागदावर माझी अक्षरं आहेत. फाटकातून मेंढरं जाताना मी पाहिली, याचा मला अभिमान आहे. फाटक लागावं अशी वेळ आणण्यात माझाही हात होता, याची लाज आहे. दोन्ही एकाच जागेची असल्यामुळं एकाची आठवण काढली की दुसऱ्याचीही येतेच.

पुढं डोळ्यांनी दगा दिला आणि मी टेबल बंद केलं. कॉम्प्युटर घरी आणला. एवढ्यातच, गणपती उठल्यावर, दारात मोटारसायकल वाजली. अण्णा. थोडे वाळलेले, कपडे तसेच पांढरे.

"सोलरवाली कंपनी आलीय," म्हणाले. "सल्लागार म्हनून घेतलंय. पयल्या महिन्याचा सल्ला पायजे."

मी कपाळावर हात मारला. "अण्णा, मी आता लिहीत नाही. तुम्ही बोला, मी फक्त टाइप करते. तुमचा एक शब्द मी वाढवणार नाही."

मला वाटलं, उठून जातील. ते बसून राहिले. चहा प्याले. मग घसा खाकरून, एकेक शब्द उचलून ठेवत बोलायला लागले, "लिवा. मेहेरबान साहेब. तुमी कुंपन घालनार, ते घाला. पन आदी वाडीवर जाऊन इचारा, जनावरं कुठनं जात्यात. तितं फाटक ठिवा. आदी फाटक, मंग तार." थांबले. "बास. जास्त काय लिवावं, त्ये जानत्यात."

मी टाइप केलं. खाली, पूर्वीची चूक नको म्हणून, बोटांना आवरून 'आपला, सल्लागार' असं घातलं आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला. या वेळी अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. सहीच्या जागेवर येऊन थबकले.

"ह्ये खोडा, आक्का," म्हणाले. "अर्जदारच ठिवा. सल्लागार हुतो तवा चौकशी आली. फाटक मिळालं ते अर्जदाराला."